जिल्ह्याची हद्द नेमकी कुठे लिहिलेली असते?

प्रश्न असा आहे: गावाचे जुने कागद एका जिल्ह्याच्या नावाचे, आताचे दुसऱ्याच. महाराष्ट्रात जिल्ह्याची हद्द कायद्याने कशी ठरते, ती कोण बदलू शकतं, आणि अमुक तारखेला गाव कोणत्या जिल्ह्यात होतं हे पक्कं कसं शोधायचं?

भिंतीवरच्या नकाशात जिल्ह्याभोवती दिसणारी जाड रेघ आधी बाजूला ठेवा. आपल्याकडे जिल्ह्याची हद्द यादीने लिहिलेली आहे. जिल्हा म्हणजे उपविभागांची यादी, उपविभाग म्हणजे तालुक्यांची, तालुका म्हणजे गावांची. आणि गाव म्हणजे मोजणी होऊन शीव ठरलेलं क्षेत्र. यादीतल्या कडेच्या गावांच्या शिवा एकाला एक जोडत गेलं की जी रेघ मिळते ती जिल्ह्याची हद्द. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात काउंटीची हद्द कायद्याच्या मजकुरातच अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंत अशी वर्णन करून लिहिलेली असते. आपली रीत तशी नाही, म्हणून हद्दीचा कुठलाही शोध दोन गोष्टींवर येऊन थांबतो: गाव कोणतं आणि तारीख कोणती.

कायदा एकच लक्षात ठेवावा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४. विभागात कोणते जिल्हे, जिल्ह्यात कोणते उपविभाग, उपविभागात कोणते तालुके, तालुक्यात कोणती गावं आणि गावात कोणतं क्षेत्र हे राज्य शासन राजपत्रातल्या अधिसूचनेने ठरवतं. हद्द वाढवणं, कमी करणं, दोन क्षेत्रं एक करणं, एकाची दोन करणं, मोडून टाकणं, नाव देणं, नाव बदलणं, हे सगळे अधिकार त्याच कलमात आहेत. सजा (एका तलाठ्याकडची गावं) आणि मंडळ (काही सजांचा गट) मात्र जिल्हाधिकारी स्वतःच्या आदेशाने ठरवतात. वाड्यांसाठीही तिथे तरतूद आहे: किमान ३०० लोकवस्तीची वाडी, किंवा गावठाणाबाहेरची तेवढीच स्वतंत्र वस्ती, वेगळं महसुली गाव करायची. लोकवस्तीची खात्री तहसीलदाराच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायची. वाडीला गावाचा दर्जा मागणाऱ्या अर्जांना आधार याच तरतुदीचा असतो, पण अर्जात तिचा उल्लेख फार क्वचित सापडतो.

संहिता १५ ऑगस्ट १९६७ ला अमलात आली. त्या दिवशी अस्तित्वात असलेले जिल्हे, तालुके, गावं त्याच नावांनी पुढे चालू राहतील असं कलम ४ म्हणतं. त्याआधी पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १३१७ फसलीचा (फसली म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेचं वर्ष) कायदा आणि विदर्भात मध्य प्रदेशची १९५४ ची संहिता लागू होती. म्हणून गावाचा माग काढताना १९६७ हा पक्का टप्पा धरावा. त्या तारखेची स्थिती मिळाली की पुढचा प्रत्येक बदल राजपत्रातच शोधायचा. मागचा शोध त्या त्या भागाच्या जुन्या कायद्यात आणि राज्य पुनर्रचनेच्या कायद्यांत घ्यावा लागतो.

१ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते, आज ३६ आहेत. मधले दहा असे: सिंधुदुर्ग आणि जालना १ मे १९८१, लातूर आणि गडचिरोली ऑगस्ट १९८२, मुंबई उपनगर १९९०, वाशिम आणि नंदुरबार १ जुलै १९९८, हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९, पालघर १ ऑगस्ट २०१४. प्रत्येक वेळी एकाच जुन्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले असं धरू नका. जालना मुख्यतः औरंगाबादमधून निघाला, पण त्यातला परतूर भाग परभणीचा. म्हणजे परतूरकडच्या गावाचे १९८१ पूर्वीचे कागद औरंगाबादेत शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

१९५६ चा बदल तर याहून गुंतागुंतीचा आहे, आणि मराठवाड्यातल्या लोकांना आजही तो नडतो. राज्य पुनर्रचना कायद्याने बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके उस्मानाबादला जोडले. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला तेव्हा ते लातूरमध्ये गेले. उदगीरच्या एखाद्या शेतावर तीन पिढ्यांचे कागद असतील तर त्यांवर बिदर, उस्मानाबाद आणि लातूर अशी तीन जिल्ह्यांची नावं येतात आणि तिन्ही आपापल्या तारखेला बरोबर असतात. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, बोथ तालुक्याचं इस्लापूर मंडळ आणि राजुरा तालुका नांदेडला आले. राजुरा पुढे चंद्रपूरकडे गेला. उलट नांदेडच्या देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्र प्रदेशाकडे गेली. इथे नीट पाहा: संसदेच्या कायद्यानेही हद्द रेघ ओढून सांगितलेली नाही, तालुका आणि मंडळांची नावं घेऊन सांगितली आहे. म्हणून १९५६ मध्ये त्या मंडळात कोणती गावं होती याची यादी मिळाल्याशिवाय हद्द समजत नाही. चंदगड तालुका बेळगावमधून कोल्हापूरला आला तोही याच कायद्याने. १९६० मध्ये उंबरगाव, नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतली काही गावं गुजरातला गेली. तिथे तर कायद्याच्या अनुसूचीत गावांची नावंच एकेक करून दिलेली आहेत, आणि कामाला हीच पद्धत सर्वांत सोयीची.

आता बदल कसा होतो ते. प्रस्ताव तहसीलदार आणि प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) अहवालांवरून जिल्हाधिकाऱ्यांकडे तयार होतो, विभागीय आयुक्तांमार्फत महसूल व वन विभागाकडे जातो. सोबत गावांची यादी, आकारबंदाप्रमाणे (सर्व्हे नंबरांचं क्षेत्र आणि आकारणी यांची नोंदवही) प्रत्येक गावाचं क्षेत्र, जनगणनेची लोकसंख्या, मुख्यालयापासूनचं अंतर आणि नकाशा लागतो. कलम ४ खालची प्रत्येक अधिसूचना पूर्वप्रसिद्धीच्या अटीला बांधलेली आहे. म्हणजे आधी मसुदा प्रसिद्ध होतो. अमुक तारखेनंतर तो विचारात घेऊ अशी नोटीस सोबत असते, त्या मुदतीत आलेल्या हरकती आणि सूचना विचारात घेतल्या जातात, मग अंतिम अधिसूचना निघते.

गावाच्या हातात खरी संधी या मुदतीतच असते आणि ती बहुतेक वेळा वाया जाते. ‘आमच्या गावावर अन्याय होतोय’ एवढ्या मजकुराच्या शंभर सह्या पाठवून काही साधत नाही. हरकतीत मसुद्याचा क्रमांक आणि तारीख, परिशिष्टातला आपल्या गावाचा अनुक्रमांक, गावाचा सांकेतिक क्रमांक, सध्याची सजा आणि मंडळ, दोन्ही मुख्यालयांचं रस्त्याने अंतर, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद पडतो, ग्रामपंचायत स्वतंत्र की गट, अनुसूचित (आदिवासी) क्षेत्र आहे की नाही हे लिहावं. शेवटी मागणी नेमकी असावी: ‘परिशिष्टातून अनुक्रमांक अमुक वगळावा’ किंवा ‘अमुक तालुक्यात समाविष्ट करावा’. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडावा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. अंतिम अधिसूचना निघाल्यावर कोर्टात जाऊन हद्द बदलून मिळेल या भरवशावर राहू नये. कल्याण महापालिका आणि उल्हासनगरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटलं आहे की अशी हद्द ठरवणं हे कायदे करण्याच्या स्वरूपाचं काम आहे. कायद्याने सांगितलेली रीत पाळली असेल तर त्याहून जास्त सुनावणीचा हक्क राहत नाही.

आणखी एक अडसर जनगणनेचा. जनगणनेच्या आधी जिल्हे, तालुके, गावं यांच्या हद्दी गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. त्यानंतर गणना होईपर्यंत हद्दीत बदल करायचा नसतो. समाजमाध्यमांवर वीस-बावीस नव्या जिल्ह्यांची यादी फिरते तेव्हा एवढंच विचारावं: अधिसूचनेचा क्रमांक काय, मसुदा कधी निघाला, अंमल कोणत्या तारखेपासून? या तिन्हींची उत्तरं नसतील तर ती यादी पुढे पाठवू नये. अशा यादीवर विसंबून लोकांनी जमिनीचे व्यवहार केलेले आहेत, म्हणून हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

अधिसूचना हातात आली की ती कशी वाचायची? मुख्य मजकुरात अंमल कधीपासून ते पाहा. प्रसिद्धीची आणि अंमलाची तारीख एकच असेल असं नाही. खरा जीव परिशिष्टात असतो. तिथे गावांची नावं ओळीने असतात आणि चुकाही तिथेच होतात. बुद्रुक आणि खुर्द यांची अदलाबदल होते. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतात आणि यादीत एकच येतं. मराठी आणि इंग्रजी मजकुरात गाव वेगवेगळं पडतं. एखादं गाव जुन्या तालुक्याच्या उरलेल्या यादीतही नसतं आणि नव्यातही नसतं. टंकलेखनाची चूक शुद्धिपत्रकाने दुरुस्त होते. पण शुद्धिपत्रकाच्या नावाखाली गाव एका तालुक्यातून दुसऱ्यात हलवता येत नाही, त्याला पुन्हा मसुदा, हरकती, अंतिम असा पूर्ण फेरा लागतो. परिशिष्टातली सगळी गावं मोजून त्यांच्या क्षेत्राची बेरीज जुन्या तालुक्याच्या एकूण क्षेत्राशी पडताळली की गळालेलं गाव लगेच उघडं पडतं. हे काम मसुदा निघाल्यावरच करावं.

जमिनीवर मात्र हद्द म्हणजे शीव. मुंबईतल्या शीव स्थानकाच्या नावात हाच शब्द आहे; मुंबई बेटाची वेस तिथे संपत होती. संहितेच्या कलम १३२ पासून पुढे गावांच्या आणि सर्व्हे नंबरांच्या सीमा ठरवण्याची, खुणा रोवण्याची रीत दिली आहे. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड सर्वांत मोलाचा, कारण तीनही गावांचे नकाशे त्या एका बिंदूवर जुळावे लागतात. दोन गावांमधल्या शिवेचा दगड हलला तर मोजणी करून पुन्हा बसवता येतो. तीन गावांचा दगड हरवला की मोजणीदाराला तिन्ही बाजूंनी येऊन जागा शोधावी लागते.

दोन नकाशे का जुळत नाहीत याचं कारण साखळीत आहे. जुनी मोजणी ३३ फुटी लोखंडी साखळीने झाली, साखळीचे भाग १६, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. मैलभर जायला अशा १६० साखळ्या पडतात. वापरून वापरून कड्या झिजल्या आणि साखळी नुसती अर्ध्या इंचाने वाढली तरी मैलामागे ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंचांची तूट नोंदीत येते. शेजारच्या गावाची मोजणी वेगळ्या वर्षी, वेगळ्या साखळीने झालेली. मग दोन्ही गावांचे नकाशे शिवेवर ठेवले की मध्ये कुणाचीच नसलेली पट्टी दिसते किंवा दोघांचीही असलेली पट्टी दिसते. ओढ्याकाठच्या शिवेवर हा फरक आणखी वाढतो. नदी किंवा ओढा सरकला म्हणून नोंदलेली शीव आपोआप सरकत नाही. मळईच्या, म्हणजे नदीच्या गाळाने तयार झालेल्या, जमिनीवरचा हक्क हा वेगळा विषय आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत.

असा वाद उभा राहिला तर कलम १३३ ची वाट आहे. दोन्ही गावांचे पाटील एका रेषेवर राजी झाले तर तसा करार करून घेऊन त्या रेषेवर खुणा रोवतात. नाही जमलं तर वादातल्या जागेची मोजणी करून दोन्हीकडचे दावे नकाशावर दाखवायचे, रीतसर चौकशी करायची आणि निवाडा द्यायचा. गावं दोन जिल्ह्यांतली असतील तर दोन्हीकडच्या भूमी अभिलेख कार्यालयांची संयुक्त मोजणी मागावी. एका बाजूच्या मोजणीवर दुसरी बाजू विश्वास ठेवत नाही. निवाड्याने आधीचीच शीव स्पष्ट होते, म्हणून त्यासाठी राजपत्र लागत नाही. पण एखादा सर्व्हे नंबर या गावातून काढून त्या गावात घालायचा तर तो हद्दबदल झाला. त्याला कलम ४ ची अधिसूचना हवी, आणि पाठोपाठ कमी-जास्त पत्रक (क्षेत्र आणि आकारातले बदल नोंदवणारा कागद), दोन्ही गावांचे आकारबंद, गाव नकाशे आणि सातबारा सगळं दुरुस्त व्हायला हवं. यातलं कमी-जास्त पत्रक अडकलं की वर्षानुवर्षं जमीन एका जिल्ह्यात आणि सातबारा दुसऱ्यात अशी अवस्था राहते.

राज्याच्या सीमेवर कलम ४ चा अधिकार संपतो. तिथली हद्द राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे संसदच बदलते. जिवती तालुक्यातल्या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचा दावा चालतो, त्याचं मूळ राजुरा तालुका आदिलाबादमधून इकडे आला त्या पुनर्रचनेत आहे.

लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो तो यामुळे की महसुली जिल्हा बदलला तरी बाकीच्या हद्दी सोबत हलत नाहीत. प्रत्येक हद्दीचा कायदा वेगळा आहे. ग्रामपंचायतीचं गाव ग्रामपंचायत कायद्याने ठरतं, महापालिकेची हद्द महापालिकेच्या कायद्याने, पोलीस ठाण्याची गृह विभागाच्या अधिसूचनेने, न्यायालयाची न्यायालयांच्या कायद्याने. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आणि वसई-विरार पालघर जिल्ह्यात, पण २०२० पासून दोघांचं पोलीस आयुक्तालय एकच आहे. नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला, तरी जिल्हा बँक धुळे व नंदुरबार अशा जोडनावानेच आहे. पिनकोड तर टपाल खात्याच्या सोयीचा. त्यावरून जिल्हा ठरवू नये. विधानसभा मतदारसंघ २००८ च्या परिसीमन आदेशाने ठरलेले आहेत आणि त्यांत तालुका, मंडळ, सजा अशी वर्णनं आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी पुढे मंडळांची फेररचना केली तरी मतदारसंघ जुन्याच मंडळाप्रमाणे वाचायचा.

अनुसूचित क्षेत्राचं सर्वांत जपून पाहावं. महाराष्ट्रासाठीचा राष्ट्रपतींचा आदेश १९८५ चा आहे. त्यात ज्या तालुक्यांची आणि गावांची नावं आहेत ती त्या आदेशाच्या दिवशीच्या हद्दीप्रमाणे वाचायची असतात. विक्रमगड तालुका त्यानंतरचा, पालघर जिल्हा तर २०१४ चा. म्हणून तिथलं गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का हे आजच्या तालुक्यावरून ठरत नाही, १९८५ मध्ये ते गाव कुठे होतं यावरून ठरतं. जातीच्या दाखल्याच्या मानीव तारखांनाही, म्हणजे पूर्वजांचं राहणं ज्या दिवशीचं धरतात त्या तारखांनाही, गावापासूनच सुरुवात करावी: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. पूर्वज त्या दिवशी कोणत्या गावात राहत होते ते आधी पुराव्याने ठरवा, मग ते गाव आज कोणत्या प्रांताच्या अखत्यारीत आहे ते पाहा.

नाव बदलणं आणि हद्द बदलणं यांत गल्लत करू नये. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा एकाही गावाची शीव हलली नाही. कलम ४ सांगतं की नाव बदलल्यावर जुन्या कायद्यांत, दस्तांत, कागदपत्रांत जिथे जुनं नाव आहे तिथे नवं नाव समजायचं. म्हणून केवळ जिल्ह्याचं नाव जुनं आहे म्हणून कुणी खरेदीखत नाकारत असेल तर ते बेकायदेशीर आहे. चुकदुरुस्ती लेख करायची गरज नाही.

प्रत्यक्ष शोध असा करावा. गावाचं पूर्ण नाव बुद्रुक, खुर्द, तर्फ यांसह लिहून घ्या. आजचा तालुका आणि गावाचा सांकेतिक क्रमांक ग्रामपंचायतीकडून किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडून घ्या. मग जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका उलट्या क्रमाने पाहा: २०११, २००१, १९९१, १९८१, असं मागे १९५१ पर्यंत. त्यांत तालुकावार गावांची यादी असते, त्यामुळे बदल कोणत्या दहा वर्षांत झाला ते कळतं. मग तेवढ्या दहा वर्षांतलंच राजपत्र चाळायचं. बहुधा भाग चार-ब किंवा त्याचा असाधारण अंक, नाहीतर विभागीय पुरवणी. सापडलेल्या अधिसूचनेची प्रमाणित प्रत घ्या आणि तिच्यावर अंमलाची तारीख ठळक करून ठेवा; बँक असो की कोर्ट, पुरावा म्हणून पुढे ठेवायचा कागद हाच.

दस्त शोधताना हीच तारीख पुन्हा कामी येते. त्या तारखेआधी नोंदलेल्या खरेदीखताचा शोध तेव्हा गाव ज्या दुय्यम निबंधकाकडे होतं तिथल्या सूची क्रमांक दोनमध्ये (दस्तांची गाववार सूची) घ्यावा, नंतरच्याचा नव्या कार्यालयात. फक्त नव्या कार्यालयातला शोध अहवाल घेऊन ‘बोजा नाही’ असं मानणं ही विभाजन झालेल्या तालुक्यांत हमखास होणारी चूक आहे. अहवालावर दोन्ही कार्यालयांची नावं आणि प्रत्येकाची वर्षं वेगवेगळी लिहून मागा.